1536 नंतरच्या दोन भाषा : नॉर्वेजियन आणि वेल्श

इ.स. 1536 या एकाच वर्षी वायव्य युरोपातील दोन देशांचे वेगळे राजकीय स्थान कागदोपत्री पुसले गेले. आठव्या हेन्रीच्या राजवटीत संमत झालेल्या कायद्याने वेल्स इंग्लंडमध्ये विलीन झाले आणि न्यायालयांचा कारभार इंग्रजीत चालेल, इंग्रजी न वापरणाऱ्यास सरकारी पद मिळणार नाही, असे ठरले. तर डेन्मार्कचा राजा तिसरा ख्रिस्तियान याने सरदारांना लिहून दिलेल्या सनदेत नॉर्वे हे यापुढे निराळे राज्य राहणार नसल्याचे जाहीर केले. दोन्हीकडे राज्यकर्त्यांची भाषा ही न्यायाची, दप्तराची आणि प्रतिष्ठेची भाषा झाली. असे असूनही पुढील चार शतकांत या दोन देशांच्या भाषांची वाटचाल इतकी भिन्न झाली, की तिचे कारण केवळ राजकारणात शोधून भागत नाही. शासकाची भाषा प्रजेच्या भाषेपासून किती दूर होती, हेही पाहावे लागते.

नॉर्वेजियन आणि डॅनिश या दोन्ही प्राचीन नॉर्स भाषेच्या वंशज असून एकीचा भाषक दुसरीतील मजकूर थोड्या सरावाने वाचू शकतो. वेल्श मात्र केल्टिक कुळातील. इंग्रजीशी तिचे नाते इंडो-युरोपीय या थोरल्या कुटुंबापुरतेच, म्हणजे जवळपास मराठीच्या इंग्रजीशी असलेल्या नात्याइतके दूरचे. तिच्या वाक्यात क्रियापद सामान्यतः आरंभी येते आणि शब्दाचे पहिले व्यंजन आधीच्या शब्दानुसार बदलते, म्हणून ‘कम्री’ हे वेल्सचे नाव ‘वेल्सला’ म्हणताना ‘गम्री’, तर ‘आणि वेल्स’ म्हणताना ‘खम्री’ होते. नॉर्वेजियन माणूस डॅनिश मजकूर आपल्या उच्चारांत वाचू शकत असे; वेल्श माणसाला इंग्रजीकडे जाताना असा मधला मुक्काम उपलब्धच नव्हता.

धर्मसुधारणेच्या काळात या फरकाचे परिणाम उघड झाले. प्रार्थना लोकांना कळली पाहिजे, हे प्रोटेस्टंट पंथाचे मूलतत्त्व असल्याने 1563 मध्ये इंग्लंडच्या संसदेने बायबलचे वेल्श भाषांतर करण्याची आज्ञा दिली, आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की ताडून पाहत लोक इंग्रजी शिकतील, अशी आशाही कायद्यात नोंदवली. घडले उलटेच. विल्यम मॉर्गन या पाद्र्याने 1588 मध्ये पूर्ण केलेल्या भाषांतराने वेल्शला सर्व प्रांतांना मान्य असे प्रमाणलेखन मिळवून दिले, आणि ज्या राजसत्तेने तिला न्यायालयातून हाकलले तिच्याच हुकमाने ती चर्चमध्ये स्थिरावली. नॉर्वेत अशा भाषांतराची गरजच कोणाला भासली नाही. तेथे 1550 चे डॅनिश बायबल चालले; पहिला छापखाना 1643 मध्ये आला, पहिले विद्यापीठ 1811 मध्ये, तोवर पाद्री कोपनहेगनलाच शिकत. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्सच्या फिरत्या शाळा वेल्श शेतकऱ्यांना वेल्श वाचायला शिकवत असताना नॉर्वेजियन मुले डॅनिश धर्मप्रश्नोत्तरी पाठ करत होती. भाषेतील साधर्म्य हेच येथे लिखित नॉर्वेजियनच्या मुळावर आले.

1814 मध्ये डेन्मार्कशी संबंध तुटून नॉर्वेला स्वतःची राज्यघटना मिळाली, तेव्हा ती घटनाही डॅनिशमध्येच लिहिली गेली. स्वदेश मिळाला, स्वतःची लेखनभाषा नाही, अशा या स्थितीवर दोन उपाय पुढे आले. क्नुड क्नुडसेन यांनी शहरी शिक्षितांच्या उच्चारानुसार डॅनिश लेखन हळूहळू बदलावे असे सुचवले; तर शेतकऱ्याचा मुलगा ईवार ओसेन यांनी 1842 पासून खेडोपाडी हिंडून बोली टिपल्या, 1848 मध्ये व्याकरण आणि 1850 मध्ये कोश प्रसिद्ध केला आणि मुख्यतः पश्चिमेकडील बोलींच्या आधारे नवी लेखनभाषा घडवली. एका माणसाने रचलेली भाषा संसदेने 1885 मध्ये जुन्या भाषेच्या बरोबरीची ठरवावी, ही युरोपीय भाषाव्यवहारातील असाधारण घटना होय. याच दोन धारांना 1929 पासून अनुक्रमे ‘बुकमोल’ व ‘नीनोर्स्क’ अशी अधिकृत नावे आहेत. बोलींकडे आदराने पाहण्याच्या या वातावरणात वाढलेला स्टेन कोनोव हा नॉर्वेजियन विद्वान पुढे ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणातील मराठीच्या खंडाचा कर्ता झाला, हा योगायोग मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वेल्समध्ये याच शतकात नेमके विरुद्ध घडले. 1847 च्या सरकारी शिक्षण-अहवालात वेल्श न जाणणाऱ्या आयुक्तांनी लोकांच्या अज्ञानाचा आणि अनीतीचा दोष त्यांच्या भाषेवर ठेवला. काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. नॉर्वेच्या संसदेने 1878 मध्ये मुलांना शक्यतो त्यांच्याच बोलीत शिकवावे असा ठराव केला, तेव्हा वेल्समधील प्राथमिक शिक्षण इंग्रजीत पक्के होत होते. त्यात दक्षिणेच्या कोळसा खाणींकडे आलेल्या इंग्रजीभाषक मजुरांची भर पडली, तशी नॉर्वेत डॅनिश वस्तीची कधीच पडली नाही. 1891 मध्ये सुमारे 54 टक्के असलेले वेल्श भाषकांचे प्रमाण 2021 मध्ये 17.8 टक्क्यांवर आले. या दरम्यान 1962 च्या सॉन्डर्स लुईस यांच्या रेडिओ-व्याख्यानातून भाषेची चळवळ उभी राहिली आणि 1982 मध्ये वेल्श दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली.

नॉर्वेतील वाद कोणते रूप लिहावे याचा, वेल्समधील वाद भाषा बोलणार कोण याचा, अशी विभागणी त्यामुळे सोयीची वाटते. पण ती सर्वस्वी खरी नाही. नॉर्वेत शासनाने दोन्ही रूपे एकत्र आणण्याचे धोरण दशकानुदशके रेटले आणि 2002 मध्ये ते औपचारिकपणे सोडले. वेल्समध्येही, वेल्श नव्याने शिकू पाहणारे प्रौढ वर्गात येऊ लागताच, बायबलची प्रमाणभाषा घराघरांतील बोलीपासून किती लांब गेली आहे हे जाणवले आणि 1960 च्या दशकात ‘जिवंत वेल्श’ या नावाने एक मधले रूप घडवण्याचा प्रयत्न झाला. ते कृत्रिम ठरून मागे पडले, आणि आज शिकणाऱ्यांची पुस्तके उत्तर व दक्षिण वेल्ससाठी वेगवेगळी निघतात.