ऑक्सफर्डहून रोमकडे

एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्या ख्रिस्ती पंथात जाणे ही गोष्ट दुरून पाहणारास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या इंग्लंडात सोळाव्या शतकापासून पोपची सत्ता अमान्य करणे हे राजनिष्ठेचे लक्षण ठरले होते, जेथे कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याची मुभा १८२९ साली मिळाली, आणि जेथे ऑक्सफर्ड विद्यापीठात नाव दाखल करतानाच विद्यार्थ्यास राजमान्य चर्चच्या एकोणचाळीस कलमांखाली सही करावी लागे, तेथे त्याच चर्चच्या धर्मोपदेशकाने रोमची वाट धरणे म्हणजे वृत्ती, स्नेही आणि लौकिक या तिहींवर पाणी सोडणे होते. जॉन हेन्री न्यूमन याने ते सोडले. आणि ते सोडण्यापूर्वी त्याने किती वर्षे विचार केला, हाच या इतिहासाचा खरा बोधप्रद भाग आहे.

आयर्लंडातील काही बिशपांची पदे कमी करण्याचा घाट सरकारने घातला तेव्हा, १४ जुलै १८३३ रोजी, जॉन कीबल याने सेंट मेरीच्या विद्यापीठ-मंदिरात त्याविरुद्ध प्रवचन केले, आणि तेथून ऑक्सफर्डच्या चळवळीचा आरंभ मानला जातो. चर्च हे सरकारी खाते नसून त्याची सनद थेट प्रेषितांकडून परंपरेने आलेली आहे, असे प्रतिपादन करणारी नव्वद पत्रके पुढील आठ वर्षांत निघाली. त्याच मंदिराचा मुख्य उपदेशक असलेला न्यूमन या चळवळीचा प्राण होता. आणि रोम व प्रॉटेस्टंट सुधारक या दोहोंच्या मधला प्राचीन, शुद्ध मार्ग इंग्लंडच्या चर्चने राखला आहे, अशी त्याची श्रद्धा होती.

या श्रद्धेला पहिला तडा कोणा रोमन प्रचारकाच्या वक्तृत्वाने गेला नाही. तो गेला ग्रंथालयात. १८३९ च्या उन्हाळ्यात पाचव्या शतकातील ख्रिस्तस्वरूपविषयक वादाचा अभ्यास करीत असता न्यूमनला दिसले की, त्या वेळीही मधला मार्ग धरणारा एक पक्ष होता, आणि निर्णयाच्या पारड्यात वजन पडले ते रोमच्या बाजूने. आपण उभे आहोत ती जागा त्या पराभूत मध्यस्थांचीच तर नव्हे, ही शंका त्याला स्वस्थ बसू देईना. १८४१ साली निघालेल्या नव्वदाव्या पत्रकात त्याने एकोणचाळीस कलमांचा अर्थ कॅथलिक परंपरेशी जुळवून दाखविण्याचा यत्न केला. विद्यापीठाच्या धुरीणांनी त्याचा जाहीर निषेध केला आणि पत्रकांची मालिका तेथेच बंद पडली.

पुढे तो ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोअर या खेड्यात राहावयास गेला. जुन्या तबेल्यांच्या इमारतीत केलेल्या साध्या खोल्यांत काही तरुण सोबत्यांसह उपवास, प्रार्थना आणि लेखन असा त्याचा क्रम चाले. १८४३ मध्ये त्याने सेंट मेरीच्या पदाचा राजीनामा दिला. तरीही पुढले पाऊल टाकण्यास आणखी दोन वर्षे लागली, कारण कॅथलिक सिद्धांतांत कालमानाने झालेली वाढ हा विकार की विकास, हा प्रश्न त्याला ग्रंथ लिहूनच सोडवावयाचा होता. अखेर ८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री डॉमिनिक बार्बेरी हा इटालियन संन्यासी घोडागाडीच्या टपावर बसून, मुसळधार पावसात भिजत लिटलमोअरला पोहोचला. तो शेगडीपाशी कपडे वाळवीत असतानाच न्यूमन आत आला, त्याच्या पायांशी गुडघे टेकून बसला आणि आपल्याला चर्चमध्ये घ्यावे अशी विनंती करता झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा स्वीकार झाला. त्याचा ग्रंथ मात्र अपुराच राहिला, आणि पुढे तो तशाच स्थितीत प्रसिद्ध झाला.

कीबल आणि पुसी हे त्याचे जिवलग सहकारी मात्र आपल्या चर्चमध्येच राहिले, आणि त्यांची निष्ठाही तितकीच सचोटीची होती. त्या राहिलेल्यांच्या प्रभावातून वाँटेजच्या भगिनींचा मठ उभा राहिला, तेथेच १८८३ साली पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या दूरवर या चळवळीचे पडसाद उमटले. न्यूमनला ऑक्सफर्डचे पुनर्दर्शन घडले ते तीन दशकांनी, १८७८ मध्ये. त्यानंतर एका वर्षाने पोप तेराव्या लिओने त्याला कार्डिनलपद दिले.

मतांतराची चर्चा आपण बहुधा कोणत्या पक्षाची संख्या वाढली आणि कोणाची घटली, या हिशेबाने करतो. हा हिशेब निरर्थक आहे. मनुष्याने निर्णयापूर्वी किती प्रामाणिक अभ्यास केला आणि निर्णयानंतर त्याचे मोल विनातक्रार दिले की नाही, याच कसोटीवर मतांतराची परीक्षा झाली पाहिजे. आणि या कसोटीला जाणारा न्यूमन व राहणारा कीबल, दोघेही उतरतात.