हमालाचा नंबर

आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकाला माहीत असतं ते एका जळितामुळे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या कुणब्यांनी तिथल्या सावकारांच्या घरांवर नि दुकानांवर चाल केली आणि खतं, रोखे, वह्या बाहेर काढून पेटवून दिल्या. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. कागदावर काय लिहिलं आहे ते आपल्याला वाचता येत नाही आणि लिहिणारा आपला नाही, तेव्हा कागदच नाहीसा करावा, असा त्या लोकांचा सरळ हिशेब होता.

त्यानंतर आठ-नऊ दशकांनी पुणे जिल्ह्यातल्या कष्टकऱ्यांच्या एका वर्गाने नेमकी उलट मागणी केली. आमची नावे कागदावर लिहा, ओळीने लिहा, आणि त्या ओळीप्रमाणे काम द्या, असं तो म्हणू लागला. हा वर्ग म्हणजे पेठेतला आणि गोदामातला हमाल. कामाला पहिल्यांदा कोणी जायचं, कोणतं काम कोणाला मिळायचं, जुन्या माणसाचा हक्क किती आणि नव्याचा किती, या प्रश्नांचा इतिहास मला आज थोडक्यात सांगायचा आहे.

कोणी म्हणेल, हमालीत कसला आला नंबर? पोतं उचललं, टाकलं, पैसे घेतले. मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. पण गोदामात तासभर उभं राहिलं की हा समज टिकत नाही. गाडीपासून थप्पीपर्यंत दहा पावलं चालायची असतील तर ते एक काम. पन्नास पावलं चालायची असतील तर ते दुसरंच. थप्पीच्या तळाचा थर लावणं वेगळं आणि फळीवरून चढून वरचा थर लावणं वेगळं. मिरचीचं पोतं वजनाला हलकं, पण दिवसभर डोळे नि घसा जाळतं. सिमेंट अंगाला खातं. मिठाचं पोतं पाठीवरची साल काढतं. दर मात्र पोत्यावर ठरलेला. तेव्हा कोणती गाडी कोणाच्या वाट्याला येते यावर त्या दिवसाची कमाईच नव्हे, तर माणसाचं कंबरडं किती वर्षं टिकणार हेही ठरतं.

बारामतीला एवढा बोजा आला कुठून? १८७६ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी वाहू लागलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गूळ, आणि गुळामागून अडते नि पेठ. १९१४ साली दौंडहून बारामतीपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली. दौंडला मोठा रूळ, बारामतीकडे लहान. म्हणजे लहान डब्यातला माल दौंडला उतरवून मोठ्या डब्यात भरायचा. एकच ढेप तीनदा-चारदा उचलली जाई. व्यापाऱ्याला हा भुर्दंड वाटे, हमालाला ती भाकरी होती. आणि हमाल यायचा कुठून, तर कालव्याचं पाणी ज्याच्या शिवारापर्यंत पोचलं नाही त्या जिरायती गावांतून. बागायत आणि जिरायत यांतली रेघ पेठेत अशी दिसे : एकाची ढेप, दुसऱ्याची पाठ.

या माणसाला काम देणारा म्हणजे मुकादम. व्यापारी मुकादमाला सांगणार, मुकादम माणसं आणणार, पैसे मुकादमाच्या हातात पडणार, आणि तो आपला वाटा काढून उरलेले वाटणार. सकाळी गाळ्यासमोर माणसं उभी राहत. मुकादम बोट दाखवील तो कामाला, बाकीचे माघारी. त्याच्या भावकीतला, त्याच्याकडून उचल घेतलेला, त्याला चहा पाजणारा पुढे. गेल्या आठवड्यात हिशेब विचारणारा मागे. वीस वर्षांचा जुना हमाल आणि काल गावाहून आलेला पोरगा दोघेही त्या बोटाखाली सारखेच. ज्येष्ठता नावाची गोष्टच तिथे नव्हती, कारण कालच्या दिवसाची नोंद कुठेच नव्हती.

मुकादमाचं हे बोट केवळ आपल्या मुलखापुरतं नव्हतं, बरं का. लंडनच्या गोदीत दारासमोर अशीच गर्दी उभी राहायची, आणि १८८९ च्या मोठ्या संपामागे मजुरीइतकाच या निवडीचाही राग होता. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर हेच करी. बदली कामगारांचे हाल पाहून १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदलीवाल्यांना कार्डं देण्याची पद्धत सुरू केली. कार्डवाल्यांतूनच माणूस घ्यायचा, असा नियम. एक साधं कार्ड, पण त्याने जॉबरच्या हातातली अर्धी सत्ता काढून घेतली. मुंबई बंदरात १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली १९५१ साली योजना आली, आणि नोंदलेल्या कामगाराला पाळीने काम मिळू लागलं. हजर राहून काम मिळालं नाही, तर हजेरीभत्ता मिळू लागला.

इथे दोन तत्त्वं वेगळी करून पाहिली पाहिजेत, कारण आपण ती नेहमी एकत्र करतो. एक तत्त्व ज्येष्ठतेचं. कारखान्यात जो आधी लागला त्याचा हक्क आधी. कपात करायची वेळ आली तर शेवटी आलेला आधी जाईल. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली हे तत्त्व घातलं गेलं, आणि २०२० च्या नव्या संहितेतही ते राहिलं आहे. अमेरिकेतल्या संघटित गोदामांत तर याच्या जोरावर जुना कामगार आपल्याला हवं ते काम आणि हवी ती पाळी मागून घेतो. दुसरं तत्त्व समान वाटणीचं. १९३४ च्या संपानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी जी पद्धत बसवली, तिच्यात ज्याचे कामाचे तास सगळ्यांत कमी भरले असतील त्याला पुढचं काम आधी. तिथे जुनेपणाला मान नाही. रिकामा बसलेला आधी.

आमचा हमाल या दोहोंपैकी कशाकडे वळला? माझ्या मते दुसऱ्याकडे, आणि त्याला कारण आहे. कारखान्याच्या कामगाराला एक मालक असतो, हमालाला पन्नास. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. मग त्याची सेवा मोजायची कोणाच्या वहीत?

ही वही तयार करण्याचं काम दोन माणसांनी निरनिराळ्या जागी केलं. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५-५६ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली. मुंबईत साताऱ्याकडून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी माथाड्यांची संघटना बांधली. ते स्वतः ओझी वाहिलेले. या चळवळींचं फळ म्हणजे १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. त्याची युक्ती साधी आहे. मालक अनेक असतील तर असोत. मध्ये एक मंडळ बसवायचं. मालकाने मंडळाकडे नोंद करायची, कामगाराने मंडळाकडे नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचे पैसे द्यायचे. पन्नास मालकांकडे विखुरलेली वीस वर्षं पहिल्यांदाच एका ओळीत आली. नोंदलेली टोळी, टोळीतला नंबर, आणि टोळीत मजुरीची सारखी वाटणी, अशी घडी बसली. मुकादम गेला असं नाही. पण तो टोळीतलाच एक झाला. बाजार समितीतही हमाल-तोलाऱ्यांना निवडणुकीने एक जागा मिळाली. एकच, पण अडत्याच्या मांडीला मांडी लावून बसायची.

साखर कारखान्यांत गोष्ट निराळी झाली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर १९३० नंतरच्या दशकात उभं राहिलं. पुढे पन्नाशीच्या दशकात माळेगाव, भवानीनगर असे सहकारी कारखाने आले. तिथला हंगामी कामगार गाळप संपलं की घरी जातो, पण पुढल्या हंगामाला यादीप्रमाणे परत बोलावला जातो, आणि कायम जागा रिकामी झाली की जुना हंगामी कामगार तिच्यावर हक्क सांगतो. घरी बसल्या महिन्यांचा थोडा भत्ताही मिळतो. कुशल माणसाला जास्त, अकुशलाला कमी. पण बॉयलरवरचा माणूस या यादीत असतो. आणि त्याच कारखान्याच्या गोदामात साखरेची पोती रचणारा पुष्कळदा ठेकेदाराचा. अनेक वर्षं ते पोतं १०० किलोचं होतं. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने एका माणसावर ५५ किलोहून अधिक ओझं नसावं अशी शिफारस केली, तरीही. आणि आता औद्योगिक वसाहतींच्या गोदामांत असंही होतं की ठेकेदार बदलतो, फाटक तेच, माणूसही तोच, पण त्याची सेवा पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला सुरुवात होते. सुप्याच्या लोकांनी कागद जाळला होता. इथे तो नुसता बदलला जातो. शिवाय मंडळाचं नाव पुढे करून ओझ्याला हात न लावता वाराई मागणारे लोकही मधल्या काळात निघाले. त्यांच्यामुळे खऱ्या हमालाच्या यादीकडे संशयाने पाहिलं जातं, ही गोष्ट दडवून उपयोग नाही.

परंतु मला सगळ्यांत अवघड वाटणारा प्रश्न कायद्याबाहेरचा आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाबरोबर मी इंदापूरकडच्या एका गोदामात गेलो होतो. त्याचे वडील तिथे टोळीत होते, यादीत पहिला नंबर. तीस वर्षं झाली असतील. कचेरीत तीस वर्षं काढलेला कारकून खिडकीजवळची खुर्ची मागून घेतो. मी स्वतः यंदा ज्येष्ठतेच्या जोरावर सकाळचे तास मागून घेतले. पण या गृहस्थांच्या पहिल्या नंबराचा अर्थ एवढाच, की गाडी आली की पहिलं पोतं त्यांनी घ्यायचं.

घेत मात्र नव्हते. गुडघे गेले होते. फाटलेल्या पोत्यांची तोंडं शिवणं, सांडलेलं धान्य झाडून भरणं, थप्पी मोजून कारकुनाला आकडा सांगणं, एवढं ते करीत. बाकीचे दहा जण पोती वाहत, आणि संध्याकाळी वाटे अकरा पडत. कोणत्याही कायद्यात हे लिहिलेलं नाही. टोळीने आपापसांत ठरवलेलं. जुन्याचं जुनेपण असं मानलं जात होतं; कागदावर नाही, वाट्यात.

पण त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत वादही ऐकला. टोळीतल्या दोघा तरुणांचं म्हणणं पडलं की काकांना अर्धा वाटा द्यावा. पोतं मोजणारा आणि पोतं वाहणारा सारखा कसा? त्यांचं अगदीच चूक होतं असं मला म्हणवेना. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर कर्ज होतं, दुसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि त्यांच्या पाठीवरचा घाम वाळला नव्हता. मुकादमाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. दिवाळीपर्यंत पूर्ण वाटा, पुढचं पुढे पाहू, असं ठरलं. काका त्या वेळी तिथेच बसून सुतळी वळत होते. एक शब्दही बोलले नाहीत.

परत येताना एस.टी.त माझ्या विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, दादांनी काम सोडलं तर त्यांच्या जागी माझं नाव लागेल का?" तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि इतिहासात त्याला चांगले गुण होते. मी म्हणालो, "अरे, तू एम.ए. कर की." तो म्हणाला, "करतो ना सर. पण नंबर गेला तर परत मिळत नाही."