इंजिनात स्पार्क प्लग तुटला? किक मारू नका, आधी हे वाचा

वसई-विरार : पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली की पहिला हात जातो तो स्पार्क प्लगकडे. प्लग काढायचा, पुसायचा, परत बसवायचा आणि किक मारायची, एवढे काम बहुतेकांना येते. अडचण होते ती तीन-चार वर्षे जागचा न हललेला प्लग काढताना. पान्यावर जोर दिला की ‘कट्’ असा आवाज येतो, अर्धा प्लग हातात आणि अर्धा इंजिनाच्या हेडमध्ये.

शे-दीडशे रुपयांच्या प्लगपायी हेड, पिस्टन आणि सिलिंडर असा हजारोंचा खर्च अंगावर येऊ शकतो. दूध, भाजी, मासळी पोचवणाऱ्याचा किंवा रिक्षावाल्याचा चार दिवसांचा धंदाही बुडतो. मात्र प्लग तुटला म्हणजे इंजिन गेले असे नाही. बहुतेक वेळा तुटलेला भाग शांतपणे काढता येतो. इंजिन खरे बिघडते ते तुटल्यानंतर घाईत मारलेल्या किकने, हातोडीने किंवा ड्रिलने.

आपल्या भागात प्लग जास्त का अडकतात?

प्लगचा खालचा आटे असलेला भाग लोखंडाचा (स्टीलचा) असतो आणि दुचाकी-रिक्षाचे हेड ॲल्युमिनियमचे. हे दोन धातू एकमेकांना चिकटून असताना मध्ये खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम झिजते. त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. अर्नाळा, कळंब, भुईगाव, रानगाव या किनाऱ्याच्या गावांत खारी हवा बारा महिने असते. नायगाव-जूचंद्रकडे मिठागरे आणि खाडी आहे. त्यात पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी भरते. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार भागात पाणी साचले तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. प्लगच्या खड्ड्यात शिरलेले असे पाणी लवकर सुकत नाही.

दुसरे कारण काजळी. प्लगचे खालचे टोक सिलिंडरमध्ये जळणाऱ्या पेट्रोलजवळ असते. तिथे काजळी साचून शेवटचे आटे बंद होतात. तिसरे कारण माणसाचे : मागच्या वेळी प्लग बसवताना पाना गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे खारी हवा नाही, पण धूळ आहे. प्लगच्या खड्ड्यातली माती न काढता पाना फिरवला तर ती आट्यांत जाते आणि प्लग मध्येच जाम होतो.

आधी पाहा, तुमच्या इंजिनात स्पार्क प्लग आहे का?

पेट्रोल आणि सीएनजी इंजिनात स्पार्क प्लग असतो. दुचाकी, रिक्षा, इको, गवत कापायचे मशीन, पेट्रोलवरचा पाण्याचा पंप, लहान जनरेटर ही सगळी त्यातली. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. त्यामुळे होडीचे डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टर यांना हा लेख लागू नाही. काही डिझेल पिकअपना हीटर प्लग असतात. ते बारीक असल्याने आणखी लवकर तुटतात, ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

तुटू नये म्हणून काय करावे?

प्लग घट्ट लागला तर तिथेच थांबा. पुढील क्रम पाळा.

१. इंजिन थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमचे आटे लवकर खरवडतात, शिवाय हात भाजतो.

२. प्लगभोवतीची माती, पाणी काढा. पंक्चरवाल्याकडची कॉम्प्रेसरची हवा यासाठी उत्तम. डोळ्यांवर चष्मा ठेवा.

३. प्लगच्या मापाचाच पाना घ्या. बऱ्याच दुचाकींच्या प्लगचे आटे १० मिमीचे असतात आणि त्यांना १६ मिमीचा प्लग पाना लागतो. जुन्या गाड्या, पंप आणि काही मशीनमध्ये १४ मिमी आट्यांचा प्लग असतो, त्याला साधारण २१ मिमीचा पाना बसतो. पाना तिरका बसला की प्लगची पांढरी चिनी माती तुटलीच म्हणून समजा.

४. प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर थोडे डिझेल सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी परत एकदा मारा.

५. पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अगदी थोडा, एक अष्टमांश फेरा फिरवा. करकर आवाज आला किंवा प्लग जड लागला तर परत आत फिरवा, तेल सोडा, थांबा, पुन्हा बाहेर फिरवा. पुढे-मागे करत आट्यांतली घाण मोकळी होते. या कामाला अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

एवढे करूनही हलला नाही तर हात चालेल इतपत कोमट इंजिनावर एकदा प्रयत्न करता येतो. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड किंचित सैल होते. मात्र पान्याला लांब पाइप लावून जोर देऊ नका. बहुतेक प्लग या पाइपनेच तुटतात.

हा प्रश्न फक्त गावच्या गॅरेजचा नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ५.४ लिटरच्या ट्रायटन इंजिनात २००४ ते २००८ या काळातल्या गाड्यांचे प्लग काढताना तुटून आत राहायचे. प्लग दोन तुकड्यांचा होता आणि खालचा तुकडा काजळीने धरून ठेवला जाई. शेवटी कंपनीने मेकॅनिकसाठी खास सूचना काढल्या. त्यातला गाभा हाच होता : इंजिन थंड ठेवा, थोडेच ढिले करा, काजळी सोडवणारे द्रव सोडून वाट पाहा, मग पुढे-मागे करत काढा.

तुटलाच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे?

किक किंवा सेल्फ मारू नका. चिनी मातीचा लहानसा तुकडाही सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टनच्या हालचालीने सिलिंडरला ओरखडे पडतात. तो व्हॉल्व्हखाली अडकला तर व्हॉल्व्ह वाकतो.

चावी काढा, बॅटरीची एक वायर सोडा. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचा हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह बंद करा. जवळ बिडी, काडी, गॅसची ज्योत नको.

भोकावर स्वच्छ फडका ठेवा आणि बाहेर आलेले सगळे तुकडे एका कागदावर जमा करा. ते जुळवून पाहा. नवा प्लग शेजारी ठेवला तर कोणता तुकडा कमी आहे ते लगेच कळते. हे जुळवणे फार महत्त्वाचे, कारण आत काही पडले आहे की नाही हे ठरवण्याचा तोच साधा मार्ग आहे.

कुठे तुटला, त्यावर उपाय

वरची पांढरी चिनी माती तुटली, पण पाना बसतो तो सहा बाजूंचा भाग शाबूत आहे : हे सर्वांत सोपे. खड्ड्यातले तुकडे हवेने किंवा व्हॅक्यूमने काढा. तेल सोडून वाट पाहा आणि लांब पान्याने नेहमीप्रमाणे काढा.

सहा बाजूंचा भाग तुटून आला, आट्यांचा भाग हेडमध्ये राहिला : इथे एक्स्ट्रॅक्टर लागतो. गॅरेजमध्ये याला ‘इझी आउट’ म्हणतात. हा निमुळता, कडक पोलादाचा तुकडा असतो. आधी मेकॅनिक पिस्टन वरच्या टोकाला आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करतो. त्यामुळे काही पडलेच तर ते पिस्टनच्या माथ्यावर राहते. पिस्टन हाताने, हळू फिरवून आणायचा, किकने नाही. मग आतली उरलेली चिनी माती आणि मधली तार वर ओढून काढतात. ती खाली ढकलायची नाही. त्यानंतर ग्रीस लावलेला एक्स्ट्रॅक्टर हलक्या हाताने ठोकून बसवतात आणि उलटा फिरवतात.

यात दोन धोके आहेत. १० मिमीच्या प्लगचा आतला पत्रा पातळ असतो. एक्स्ट्रॅक्टर जोरात ठोकला तर तो पत्रा फुगतो आणि प्लग आणखी घट्ट होतो. दुसरे, एक्स्ट्रॅक्टर स्वतः आत तुटला तर साध्या ड्रिलने तो कापला जात नाही. म्हणून दोन प्रयत्नांत हलला नाही तर हेड उतरवून लेथवाल्याकडे नेणेच स्वस्त पडते. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातल्या औद्योगिक गाळ्यांत मशीनवरची अशी कामे करणारे कारागीर आहेत. वाडा, डहाणू, पालघरकडच्या लोकांनी गाडी न हलवता फक्त हेड उतरवून नेले तरी चालते.

प्लग निघाला, पण त्याबरोबर हेडचे आटेही आले : प्लगवर चांदीसारखी ॲल्युमिनियमची वेटोळी दिसली तर आटे गेले असे समजा. टेफ्लॉन टेप, एम-सील असले उपाय इथे चालत नाहीत. दाबाने प्लग उडून बाहेर येऊ शकतो. हेडमध्ये स्टीलची कॉइल किंवा बुश बसवून नवे आटे पाडता येतात. त्यामुळे नवे हेड घ्यायलाच हवे असे नाही. हे काम नीट झाले तर गाडी पुढे वर्षानुवर्षे चालते.

खालचा वाकडा दांडा किंवा मातीचा तुकडा आत पडला : बारीक नळी लावलेला व्हॅक्यूम क्लीनर तुकडा ओढू शकतो. दांडा लोखंडी असेल तर चुंबकाची काडी कामाला येते. चिनी माती चुंबकाला लागत नाही. तुकडा सापडला नाही तर हेड उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

गाडी पुरातून काढली असेल तर

सिलिंडरमध्ये पाणी असताना किक किंवा सेल्फ मारणे सर्वांत महाग पडते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पुरातल्या गाडीचा प्लग काढून आतले पाणी बाहेर काढावेच लागते, पण तो काढताना वरची तेलाची आणि वाट पाहण्याची पद्धत पाळा. प्लग अडकला असेल तर गाडी ढकलत गॅरेजला न्या.

नवा प्लग बसवताना

आटे स्वच्छ आहेत का ते टॉर्चने पाहा. आटे साफ करण्यासाठी टॅप फिरवायचा असेल तर त्यावर ग्रीस लावा, म्हणजे भुसा ग्रीसला चिकटतो आणि आत पडत नाही. आट्यांचे माप प्लगच्या मापाशी जुळले पाहिजे, अंदाजे टॅप घालू नका.

पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला लावा आणि त्याने प्लग फिरवा. आटे तिरके धरले तर नळी घसरते आणि हेड वाचते. प्लग पूर्ण हाताने बसला की मगच पाना लावा. नवा वॉशर असलेल्या १० मिमीच्या प्लगला साधारण तिसरा हिस्सा ते अर्धा फेरा, १४ मिमीला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडसाठी १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच जोर.

आट्यांना ग्रीस फासण्याची सवय अनेकांना असते. एनजीकेसारख्या प्लग बनवणाऱ्या कंपन्या ते टाळायला सांगतात, कारण प्लगला आधीच गंजरोधक मुलामा असतो आणि ग्रीसमुळे प्लग नकळत जास्त आवळला जातो.

बऱ्याच दुचाकींच्या पुस्तिकेत साधारण १२ हजार किलोमीटरच्या आसपास प्लग बदलायला सांगितलेले असते. आपल्या गाडीची पुस्तिका पाहा. सीएनजीवर प्लगवर ताण जास्त येतो, त्यामुळे तपासणी लवकर करावी. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचा प्लग पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा काढून परत बसवला तरी तो अडकत नाही.

गॅरेजमध्ये आधीच विचारून घ्या

जुना, गंजलेला प्लग काढायला देताना ‘तुटला तर काय करणार आणि खर्च किती येईल’ हे आधी बोलून घ्या. चांगला मेकॅनिक स्वतःच तेल मारून गाडी रात्रभर ठेवायला सांगतो. काम झाल्यावर जुना प्लग आणि तुटलेले सगळे तुकडे मागून घ्या. तुकडे पूर्ण जुळले आणि नवा प्लग हाताने शेवटपर्यंत सहज फिरला, तरच किक मारा.