बाथटबचा कोरडा पाइप

लेकीनं न्यू जर्सीतल्या घरातली बाथरूम नव्यानं करायला काढलीय. प्लंबरनं काढलेला नकाशा तिनं मला मेलनं धाडला. टबाखालून निघणारा सांडपाण्याचा पाइप समजला, पण त्यालाच फुटून भिंतीतून थेट छपराबाहेर जाणारा आणखी एक पाइप होता. त्यातून पाणी वाहत नाही, आणि त्याच्यासाठी चांगली भिंत फोडायची! "बाबा, हा वगळला तर?" असं तिनं विचारलं. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस मी, उत्तरही तिथंच शोधायला गेलो.

आपल्या जुन्या मोरीला असल्या पाइपाची गरज नव्हती. भिंतीला भोक, बाहेर उघडी पन्हळ, वास वाऱ्यावर. खरी पंचाईत झाली ती गटार झाकून घराला जोडल्यावर. पाणी बाहेर जातं त्याच वाटेनं दुर्गंधी आत येते. यावर तोडगा काढला तो अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीनं. १७७५ साली त्यानं संडासाचं पेटंट घेतलं, त्यात पाइपाला वाक दिलेला होता. वाकात पाणी साठून राहतं आणि तेच बूच होतं. आपण त्याला ट्रॅप म्हणतो.

पुढं १८७१ साली इंग्लंडचा युवराज स्कारबरोच्या एका हवेलीत राहून आला आणि विषमज्वरानं मरता मरता वाचला. त्याच हवेलीत उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड मात्र गेला. हवेलीच्या मोऱ्यांवर बोट ठेवलं गेलं आणि घराघरांत पाइप तपासायची लाट आली. गटारातल्या वायूनंच हा ताप येतो, असं तेव्हा पुष्कळ डॉक्टर मानत. म्हणून वायू बाहेर सोडायला गटाराचे पाइप छपरापर्यंत न्यायचे. १८८० मध्ये एबर्ट यानं या तापाचा जंतू पाहिला आणि वायूची कल्पना हळूहळू मागं पडली. पाइप मात्र राहिला, कारण त्याचं दुसरं काम तोवर ध्यानात आलं होतं.

रॉकेलच्या पिंपातून रबरी नळीनं रॉकेल काढलेलं आठवतंय ना? एकदा ओढ लागली की ते आपोआप येत राहतं. पाइपातही तसंच होतं. वर कुणी संडासाची टाकी ओढली की खाली धावणारं पाणी मागची हवा खेचतं आणि तिच्याबरोबर टबाच्या ट्रॅपातलं पाणीही. बूच गेलं! तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत येतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते. तो कोरडा पाइप म्हणजे हे दुसरं भोक. एस. स्टीव्हन्स हेलियर या लंडनच्या प्लंबरनं १८७७ च्या आपल्या पुस्तकात अशा ट्रॅपांचा कसून विचार केला. हाताला काम आणि लेखणीला धार असलेली अशी माणसं मला फार आवडतात.

अमेरिकेत तर १९२० च्या दशकात हर्बर्ट हूवर व्यापारमंत्री असताना सरकारी प्रयोगशाळेत रॉय हंटरनं यावर मोजमापं केली, आणि त्यांतून नियम घडत गेले. टबाचा ट्रॅप दीड इंची, आडव्या पाइपाला फुटाला पाव इंच उतार, आणि ट्रॅपापासून हवेचा पाइप ठरावीक अंतराच्या आत. उतार वाजवीपेक्षा जास्त दिला तरी ट्रॅप रिकामा होऊ शकतो, हे वाचून मला गंमत वाटली.

लेकीला कळवलं, भिंत फोड.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला टब! पण बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली असतो त्याला आपले इंजिनिअर नहाणी ट्रॅप म्हणतात. थेट आपल्या न्हाणीचंच नाव! त्याचंही बूच पाण्याचंच, आणि ते नुसतं ओढलं जाऊनच नव्हे, तर वाळूनही जातं. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींत सार्सची साथ आली. तीनशेहून जास्त लोक आजारी पडले, ४२ दगावले. तपासात दिसलं, की जमिनीतले ट्रॅप कोरडे होते आणि बाथरूमचे पंखे मैलापाइपातली दूषित हवा घरात ओढत होते. तिथले लोक जमीन पाण्यानं धुवत नसत, नुसती पुसत.

महिनाभर गावाला जाऊन आलात, की आधी त्या जाळीत दोन तांबे पाणी ओता. सामान नंतर उतरवा.