तांबट आळी आणि आपले श्रीवर्धन

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी कोठी रिकामी केली तेव्हा तांब्याची जुनी भांडी बाहेर आली. अभिषेकाची गळती, ताम्हणे, एक घंगाळ आणि एक भला मोठा हंडा. ही सारी मोडीत घालून स्टीलची नवी घ्यावीत, अशी सूचना एका हितचिंतकाने केली. हेतू चांगलाच होता. परंतु निर्णय होण्यापूर्वी या भांड्यांच्या धंद्याविषयी दोन शब्द ग्रामस्थांपुढे व देणगीदारांपुढे ठेवावेत, असे वाटले.

पत्रा म्हटला की आज आपल्याला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उडालेली छपरेच आठवतात. पण धातूच्या पत्र्याशी आपल्या तालुक्याचे नाते फार जुने आहे. दिवेआगरचा शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. त्याच दिवेआगरात १९९७ साली बागेत खणताना तांब्याची पेटी निघाली व तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला. २०१२ साली तो दरोडेखोरांनी नेला. जमिनीखाली तांब्याने जे सांभाळले ते आपल्याला वर सांभाळता आले नाही!

आता मूळ विषय. आपल्या श्रीवर्धनचे देशमुख बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले व १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. पुढे बाजीरावांनी पुण्यास शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला. राजधानी वाढली तशी कारागिरांची गरज वाढली. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही त्या काळची वस्ती. आपले पूर्वज कोकणातून पेशव्यांच्या आश्रयास आले, असे तेथील तांबट मंडळी पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. जात त्वष्टा कासार, दैवत कालिका. या धंद्याचा संस्थापक म्हणजे कोणी एक शेठ नव्हे. बाप, मुलगा, पुतण्या अशी एकेक घरे, आणि घराच्या ओटीवरच कारखाना.

काम ऐकायला सोपे, करायला जिकिरीचे. तांब्याचा पत्रा गोल कापायचा, भट्टीत लाल करून मऊ करायचा, मग ठोकून आकार द्यायचा. ठोकता ठोकता तांबे कडक होते, म्हणून पुन्हा भट्टी, पुन्हा हातोडा. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने अंगभर ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेचे नव्हे. प्रत्येक ठोक्यागणिक पत्रा घट्ट होतो व भांडे पिचत नाही. आपल्या हंड्यावर हात फिरवून पाहा, ते ठोके बोटांना लागतात. एकही चुकला तर रांग वाकडी दिसते. येथे दिसत नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली, सरकारी आश्रय गेला. तरी तांबट टिकले. घरोघरचे बंब, घागरी, हंडे, तपेली यांवर आळी चालली. घाव बसला तो पुढे, ॲल्युमिनियमने आणि मग स्टीलने. कल्हईचा खर्च नाही, आंबट पदार्थ कळकत नाही, वजन हलके. गृहिणींना दोष कसा द्यावा? चुलीपाशी त्याच बसत होत्या. आळीतील पुष्कळ मुले नोकरीला लागली. अलीकडे वारसा जपणाऱ्या संस्था व नव्या कल्पक मंडळींच्या साहाय्याने शोभेच्या व जेवणाच्या टेबलावरच्या वस्तू तेथे घडू लागल्या आहेत. मठार मात्र तोच.

असो. आपल्या हंड्याचा एक सांधा सुटला आहे, तो पुन्हा झाळून घेता येतो. ताम्हणांना व गळतीला काहीच झालेले नाही, आमसुलाने घासली की पुरे. मोडीत या सर्वांचे मिळून जे पैसे येतील, ते जीर्णोद्धाराच्या एकूण खर्चात शोधावे लागतील. हंडा पुण्यास नेण्याआणण्याचे भाडे या लेखकाने देऊ केले आहे.