ज्येष्ठेचा सोबती

मे महिना सरत आला की रात्री अकरा-बाराच्या सुमारास, औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांची शटरं पडल्यावर, जवळच्या एखाद्या गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे बघा. शहराच्या उजेडातही एक तांबूस तारा ठळक दिसेल. ती वृश्चिकेतली ज्येष्ठा. सूर्याच्या जागी आणून ठेवली, तर मंगळाची कक्षासुद्धा तिच्या पोटात जाईल.

ज्येष्ठा एकटी नाही. तिला एक निळसर-पांढरा सोबती आहे. पण तो दिसायला तिच्यापेक्षा पन्नास-साठ पटींनी मंद, आणि आकाशात दोघांमधलं अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम सहाशेवा भाग. हॅलोजनच्या दिव्यालगत बसलेला काजवा शोधण्यासारखंच हे काम.

१८१९ मध्ये चंद्राने ज्येष्ठेला झाकलं. ती बाहेर येताना व्हिएन्नात योहान ब्यूर्गला आधी मंद तारा दिसला आणि मग एकदम ठळक. हे जोडपं असावं, हा संशय तिथून सुरू झाला. पुढे २३ जुलै १८४४ रोजी जेम्स विल्यम ग्रँटने तो सोबती दुर्बिणीतून पाहिला, तोही भारतातून.

त्याच काळात पुण्यात कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब जोडताऱ्यांच्या मागे लागला होता. हा ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. दुर्बीण डॉलंडची, पाच फुटी. १८४५ ते १८४८ या काळात त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी केली. प्रत्येक जोडीचं अंतर किती, सोबती कोणत्या दिशेला, एवढंच मोजायचं आणि लिहून ठेवायचं. ज्येष्ठेच्याच वृश्चिक राशीतला ‘न्यू’ हा तारा तिहेरी असल्याचंही त्याला १८४७ मध्ये दिसलं.

एवढा खटाटोप कशासाठी? ताऱ्याला तराजूत घालता येत नाही. सोबती त्याच्याभोवती किती अंतरावरून, किती काळात फिरतो, यावरूनच त्याचं वजन थेट काढता येतं. सोबत्याशिवाय उरतो तो अंदाज.

जेकबचं सगळंच बरोबर आलं असं नाही. मद्रास वेधशाळेचा प्रमुख असताना, १८५५ मध्ये त्याने भुजंगधारीतल्या एका जोडताऱ्याभोवती ग्रह असल्याचा दावा केला. तो टिकला नाही. १८६२ च्या ऑगस्टमध्ये नऊ इंची दुर्बीण आणि नव्या वेधशाळेचा बेत घेऊन तो पुन्हा मुंबईत उतरला. आठच दिवसांत, १६ ऑगस्टला, पुण्यात त्याचा मृत्यू झाला. वय पन्नाशीच्या आतच.

ज्येष्ठेच्या सोबत्याला एक फेरी पुरी करायला हजार वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे ग्रँटने पाहिल्यापासून आजवर त्या फेरीचा छोटासा तुकडाच झालाय. अशा कामात जुनं मोजमाप शिळं होत नाही. त्या वर्षीचा वेध आज कोणतीही महागडी दुर्बीण पुन्हा घेऊ शकत नाही.

जुलै २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीतून मृगातल्या तांबड्या काक्षीचाही सोबती टिपल्याचं जाहीर झालं. पुरावा अजून पक्का व्हायचाय. तो होईल तसाच, जसा पुण्यात होत होता: पुन्हा बघायचं, मोजायचं, आणि पुढच्यासाठी लिहून ठेवायचं.