एक आवर्तन मागे: एल्फ्रिडा आंद्रेची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात १८६९ सालच्या स्टॉकहोममधून. हॉलमध्ये एका नव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग चालू आहे. जिने ती लिहिली ती २८ वर्षांची बाई श्रोत्यांत बसली आहे. शेवटचा भाग सुरू होतो आणि पहिली व्हायोलिन्स बाकीच्यांपेक्षा एक 'बार' मागे वाजायला लागतात. बार म्हणजे आपल्या भाषेत साधारण एक आवर्तन. एकदा चुकले तर समजू शकतो, पण हे सावरलंच नाही. मुद्दाम केलं असावं, असं तेव्हाही बोललं गेलं. ती बाई उठून निघून गेली.

तिचं नाव एल्फ्रिडा आंद्रे. स्वीडनमधली पहिली महिला ऑर्केस्ट्रा कंडक्टर म्हणून तिचं नाव घेतात. पण कंडक्टर होणं ही तिच्या गोष्टीतली बरीच नंतरची पायरी आहे. आधी काय काय झालं ते बघू.

जन्म १८४१चा, गॉटलंड बेटावरच्या व्हिस्बी गावातला. वडील डॉक्टर, उदारमतवादी विचारांचे. मोठी बहीण फ्रेडरिका, पुढे नावाजलेली ऑपेरा गायिका झाली. एल्फ्रिडा चौदाव्या वर्षी स्टॉकहोमला आली आणि १८५७ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, ऑर्गनवादकाची परीक्षा पास झाली. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातली पायपेटी नव्हे हं, चर्चमधला भिंतभर पाइपांचा अवाढव्य ऑर्गन.

बरं, सर्टिफिकेट आलं हातात. आता नोकरी? ती मिळणार नाही! कारण चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून बाईला नेमायला कायद्याने परवानगीच नव्हती. मग बापलेकीने अर्ज केले, पाठपुरावा केला आणि १८६१ साली नियम बदलला. तारखात्याचीही तीच तऱ्हा. तिथलं दार बायकांना १८६३ साली उघडलं. त्यामागेही या दोघांची खटपट होती, आणि सुरुवातीच्या महिला तारमास्तरांत एल्फ्रिडा स्वतः होती. संगीतकार बाई कट्-कड्-कट् तारा पाठवतेय, हे चित्र मला तरी फार आवडतं.

१८६७ साली ती गोथेनबर्गच्या कॅथेड्रलची ऑर्गनवादक झाली. स्वीडनमध्ये कॅथेड्रलच्या ऑर्गनवर बाईची नेमणूक होण्याची ही पहिलीच वेळ. ही नोकरी तिने १९२९ साली मृत्यू येईपर्यंत केली. ६२ वर्षं!

आता परत त्या १८६९च्या हॉलमध्ये येऊ. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मी लिहिलेला कोड मी रात्री दोन वाजता माझ्या लॅपटॉपवर रन करून बघू शकतो, कुणाला विचारावं लागत नाही. सिम्फनीचं तसं नसतं ना. ती कागदावर असते तोवर मुकी. ती ऐकायची तर भरपूर वादक लागतात, आणि त्यांनी मनापासून वाजवावं लागतं. एल्फ्रिडाने नोकरीचा कायदा बदलून घेतला होता, पण व्हायोलिनवाल्यांनी वेळेवर वाजवावं असा कायदा कुठून आणणार?

नंतरचं बघा. १८७९ साली तिला रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ म्युझिकचं सदस्यत्व मिळालं. त्याच वर्षी तिने दुसरी सिम्फनी लिहिली. ती प्रत्यक्ष वाजली कधी? १८९३ साली. म्हणजे मान मिळाला, पण संगीत चौदा वर्षं कपाटात.

म्हणून मला १८९७ हे साल तिच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा तिने गोथेनबर्गच्या कामगार संस्थेच्या लोकमैफलींची धुरा घेतली. परवडणारं तिकीट आणि समोर कामगार माणसं. ५६ वर्षांची एल्फ्रिडा इथे आयोजन करायची आणि ऑर्केस्ट्राही चालवायची. अशा सुमारे ८०० मैफली तिने केल्या. १९०४ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला जाऊन ऑर्केस्ट्रा कंडक्ट केला तो वेगळाच.

बॅटन हातात असणं म्हणजे काय, तर कोण कधी सुरू करणार हे तुम्ही ठरवता. काय वाजणार हेही तुमच्या हातात येतं. श्रोत्यांत बसून आपलं काम बिघडताना बघणाऱ्या बाईला याची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अजून एक. 'फ्रितियोफ्स सागा' नावाचा ऑपेरा तिने लिहिला, त्याची संहिता सेल्मा लागरलोफची. हो, १९०९ साली साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली बाई, तीच. दोघींनी तो एका स्पर्धेसाठी केला होता. स्पर्धा काही जिंकली नाही, आणि एल्फ्रिडाच्या हयातीत तो ऑपेरा रंगमंचावर पूर्ण उभा राहिलाच नाही. म्हणजे सगळी दारं उघडली असं समजू नका.

आज घरी जाताना तिची बी मायनरमधली ऑर्गन सिम्फनी ऐका. हेडफोन लावूनच ऐका, खालचे सूर फोनच्या स्पीकरवर येत नाहीत. आणि कशी वाटली ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!